गुरुवारी दहा वाजता

अदिस अबाबाहून अस्मारा सातशे किलोमीटर. विमानाला एक तास दहा मिनिटं लागतात. हे मी तिकिटावरून वाचून दाखवलं, तर आई माझ्यावरच उखडली. "एवढ्यात माझी कणीकसुद्धा फुगत नाही! नीट वाच, रिगबे."

तिचं तरी काय चुकलं? बाबा आजोबांच्या मातीला म्हणून चार दिवसांसाठी अस्माराला गेले आणि मागे दोन्ही देशांत युद्ध पेटलं. सरहद्द बंद, फोन बंद. चार दिवसांची वीस वर्षं झाली. तेव्हा मी शाळेत शिकत होते, आता शाळेत शिकवते.

यंदा समेट झाला, फोन लागले, विमान सुरू झालं. आमच्या अदिसमध्ये घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. उजाडल्यावर तासाभरानं एक वाजतो. जग ज्याला सकाळचे दहा म्हणतं, ते आमचे चार. अस्मारा जगाच्या घड्याळानं चालतं, म्हणून नवऱ्याचा घोटाळा नको, असा विचार करून आईनं फोनवर सांगितलं, "गुरुवारी दहा वाजता उतरतो." आणि रडू फुटायच्या आत फोन ठेवून दिला.

उतरलो ते बरोबर दहाला. बाहेर नुसता कल्लोळ होता: ढोल, मिठ्या, हुंदके. तासाभरात ज्याचा तो आपल्या माणसांबरोबर निघून गेला. उरलो आम्ही दोघी आणि आईच्या मांडीवरचं हिंबाशाचं गाठोडं. पहाटे उठून वेलदोडे घालून भाजलेली ती जाड रोटी अजून जराशी कोमट होती.

"नाही आला," आई म्हणाली. "दुसरा संसार असेल. विमान दुपारी परत जातंय ना? चल, तिकीट बदल."

"आई, जरा दम धर की!"

"वीस वर्षं धरला. आता पुरे."

ती खरंच उठून काउंटरकडे निघाली. आमचा फोन तिथे चालेना. कॉफीवाल्या बाईंचा मागून घेतला आणि नंबर फिरवला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरी. दाढी करतोय." आवाज म्हातारा झाला होता, पण बाबांचाच. "का गं? निघाला नाहीत का अजून? आत्ता कुठे पाच वाजतायत. तुम्ही दहाला येणार ना?"

समोर भिंतीवर अकरा वाजले होते. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी ओरडले, "आई, थांब! बाबांचं घड्याळ अजून आपलंच आहे!"

आई माघारी आली आणि तिनं फोन हिसकावून घेतला. "वेड्या माणसा, अख्खं गाव एका घड्याळानं चालतं आणि तू एकटा दुसऱ्याच?"

"मोडायची नव्हती सवय, मेधिन. परत यायचं होतं ना मला."

आई खाली बसली. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "आणि ते चार दिवस? ते कोणत्या घड्याळाचे होते रे?"

बाबा कसेबसे म्हणाले, "निघालो."

वीस मिनिटांत आले. एका गालावर साबण तसाच होता. आईनं तो आधी पुसला, मग मिठी मारली.