उशिरा उतरणारं औषध

"पटकन उतरणारं देऊ की टिकणारं?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पहिल्याने हात लगेच बधिर होतो, पण घरी पोचेपर्यंत जागाही होतो. दुसरं चढायला वेळ घेतं, पण संध्याकाळपर्यंत दुखणं कळत नाही. तोवर हात मात्र ओंडका. चटका बसला तरी कळायचा नाही."

"पटकन उतरणारंच द्या," नणंद म्हणाली. "नाहीतर मला घास भरवत बसावं लागेल. वहिनींच्या उजव्या हाताला अजून पकड नाही."

"टिकणारं द्या," टेलरबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी फार लवकर उतरलं, वन्सं."

दुखण्याला भ्याल्या, असं दोघींना वाटलं. टेलरबाईंनी वाटू दिलं.

मागच्या वेळी उजव्या मनगटातली दबलेली शीर मोकळी करून घेऊन त्या बसने घरी निघाल्या होत्या. बधिर हात मांडीवरून घसरू लागला म्हणून त्यांनी डाव्या हाताने उचलून धरला, तर तो आपला वाटेचना. जड, ऊबदार, सुई-कातरीने राठ झालेला. जन्मभर समोरच्या टेबलावर कापड बेतणाऱ्या माणसाचा हात. यजमानांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाईंनी खाली पाहिलंच नाही, खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोन थांबे गेले नाहीत तोच बोटांना मुंग्या आल्या आणि हात पुन्हा त्यांचाच झाला.

पुढे डावं मनगटही दुखायला लागलं तेव्हा शेजारपाजार हळहळला. बाईंनी मात्र ऑपरेशनची लवकरची तारीख मागून घेतली.

दुपारी घरी आल्यावर नणंद भरवू लागली. "आ करा वहिनी. दादा बरा, दोन घासांत ताट रिकामं करायचा."

"आणि मग माझ्या ताटात बघायचे."

नणंद हसली. पदराने तिने आधी वहिनींचं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे.

ती भांडी घासायला गेली आणि बाई पलंगावर टेकल्या. उजव्या हातात डावा हात घेऊन दुपारभर तशाच बसून राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. दोघं शिवत बसायची तेव्हाही फारसं बोलणं नसायचंच.

उन्हं कलली तशी करंगळी किंचित हलली. मग मुंग्या आल्या, आणि मनगटातून कळ निघाली.

"उतरलं का हो? गोळी देऊ?" नणंदेने आतून विचारलं.

"नाही अजून," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो हात शेजारच्या उशीवर अलगद ठेवला, त्यावर पांघरूण ओढलं आणि त्याच्याकडे तोंड करून त्या कुशीवर झाल्या.