मिस्त्री आला की चालणारी मोटार

पांढरकवड्याबाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेला लागून, गुलाम नबी मिस्त्रीचे टिनाच्या छपराचे गॅरेज होते. दारावरच्या पाटीवर तीन ओळी रंगवलेल्या होत्या. पहिलीत त्याचे नाव, दुसरीत ‘मोटार व ट्रक दुरुस्ती’, आणि तिसरीत, या दोन्हींहून ठळक अक्षरांत, ‘काम जबानीवर’. दुरुस्ती आटोपली की मिस्त्री बॉनेटवर पंजा टेकवून म्हणत असे, “हे दुखणं आता पलटून येत नाही.” आणि आलेच, तर तेच काम तो कुरकुर न करता पुन्हा करून देई. या सडकेवर गॅरेजे काही कमी नव्हती. पण माल भरलेला ट्रक घेऊन जंगलातून जाणारे ड्रायव्हर येथे थांबत, ते त्या तिसऱ्या ओळीच्या भरवशावर.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर नेमकी तीच ओळ धोक्यात आली. ती आणली मारोतरावांच्या निळ्या मोटारीने.

मारोतराव जंगलाचे ठेकेदार होते. ते घरात बोलले तर बाजारात ऐकू जाई, आणि बाजारात बोलले तर कोणाला घरी बसून राहणे जमत नसे. नागपूरच्या एका निवृत्त इंजिनियराकडून त्यांनी ही विलायती बनावटीची जुनी मोटार हौसेने घेतली होती. गावात खासगी मोटारी इनमीन तीन-चार. त्यामुळे ती चालली तरी बातमी होई आणि थांबली तर अधिकच मोठी. दिवाळीपूर्वी त्यांनी इंजिन पूर्ण खोलून नीट करण्यासाठी ती गुलाम नबीकडे दिली. धनत्रयोदशीला ती घरी परतली तेव्हा तिचा आवाज दूध पिणाऱ्या मांजरासारखा झाला होता. मारोतरावांच्या पत्नी इंदूबाई यांनी स्वतः मिस्त्रीला चिवड्याची पुडी बांधून दिली.

पण भाऊबीज सरली, आणि पाटणबोरीच्या वाटेवर मोटार चालता चालता धापा टाकून उभी राहिली.

खेमसिंग नावाच्या ट्रक ड्रायव्हरने निरोप आणला. त्याच्याच ट्रकने गुलाम नबी तेथे पोहोचला. बंद पडलेल्या गाडीपाशी गेल्यावर पाना हाती घेण्याआधी करायची एक गोष्ट त्याच्या नागपूरच्या उस्तादाने त्याच्या अंगवळणी पाडली होती. आधी टाकीचे झाकण काढायचे, बांबूची कामटी आत बुडवायची आणि पेट्रोल किती आहे ते डोळ्यांनी पाहायचे. सडकेवर थांबलेल्या निम्म्या गाड्या आजारी नसतात, उपाशी असतात. आणि मालकाला विचारले तर त्याला राग येतो. म्हणून विचारायचे नाही, पाहायचे. गुलाम नबीने कामटी बुडवली. पेट्रोल भरपूर होते. मग त्याने प्लग काढला, तो काळा दिसला, पुसून बसवला, आणि मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली.

“प्लग होता,” तो बॉनेटवर पंजा टेकवून म्हणाला. “हे दुखणं आता पलटून येत नाही.”

पुढच्या खेपेला कामटी बुडवून त्याने ठिणगीचे पॉइंट घासले. मोटार सुरू झाली. त्यापुढच्या खेपेला कामटी बुडवून त्याने सडकेवरच इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप खोलला, झडपा फुंकून बसवल्या. मोटार सुरू झाली. दर वेळी दुखणे निराळे निघाले, दर वेळी ते बरे झाले, आणि दर वेळी ते पुन्हा आले. गॅरेजात आणून त्याने इंजिन तासन्‌तास एका जागी चालवून पाहिले. पण तेथेही तो आरंभी कामटी बुडवी आणि झाकण घाईने नुसते वर टेकवून ठेवी, आणि मोटार काहीच तक्रार करीत नसे.

खेमसिंग हसून म्हणाला, “मिस्त्री, हे गाडी तुमच्यावर आशिक झाली. तुम्ही दिसले का हासते, गेले का रुसते.”

मारोतरावांना मात्र हसू येत नव्हते. बाजाराच्या दिवशी गॅरेजासमोरच्या हॉटेलात भर गर्दीत त्यांनी गुलाम नबीला गाठले.

“काहो मिस्त्री, माह्या गाडीले आतापावतर किती रोग काढले तुम्ही? प्लग झाला, पॉइंट झाला, पंप झाला. आता काय, चाकाले दमा सांगता?”

“मारोतरावभाऊ, जे दिसलं ते केलं. केल्यावर गाडी चालली का नाही?”

“चालली! तुमच्या डोळ्यासमोर चालली! मंग तुम्हालेच बांधून ठेवतो ना मागच्या सीटवर. दिवाळीच्या आंधी हे गाडी कधी थांबत नव्हती. तुम्ही इंजिन खोललं अन् तिले हे खोड लागली. पाटीवर लिवलं ‘जबानीवर’! कायची जबान? तोंडाची वाफ!”

हॉटेलातले कप थांबले. बाकांवर बसलेले ड्रायव्हर बशीतल्या चहाकडे पाहू लागले. आणि हेच गुलाम नबीला सर्वांत जास्त लागले. शिवी दिली असती तर तो हसला असता. पण हे लोक त्याच्या शब्दावर जीव सोपवून रात्रीचा घाट उतरत होते, आणि आता ते त्याच्याकडे पाहत नव्हते.

“मारोतराव,” तो म्हणाला, “उद्या तुम्ही चालवा, मी बाजूले बसतो. पैनगंगेपावतर जाऊन वापस येऊ. गाडी थांबली तर पाटीवरची खालची वळ मी माह्या हातानं टरपेंटाइन लावून पुसतो.”

“अन् नाही थांबली तर याच बाकावर उभा राहून मी माहे शब्द वापस घेतो. आयका रे सारे!”

“दोघंही आपापलंच सांगान,” भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या इंदूबाई मागून बोलल्या. “मीबी येतो. खरं काय झालं ते सांगाले कोणी पाह्यजे ना बाप्पा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली. पेट्रोल कमी होते असे कोणी म्हणू नये, म्हणून मारोतरावांनी टाकी काठोकाठ भरवली होती, आणि झाकण स्वतःच्या हाताने असे आवळले होते की बोटांवर वळ उठावेत. दोन्ही बाजूंना सागाची मोठाली पाने वाळून लटकली होती. इंदूबाई मागच्या सीटवर डब्यातली शेव काढून दोन्ही पक्षांना सारखी वाटत होत्या. गुलाम नबी शेव खात नव्हता. तो इंजिन ऐकत होता. आवाजात कोठे खोट नव्हती. त्याचे मन हळूहळू सैल होऊ लागले.

आणि मोटारीने एक धाप टाकली. मग दुसरी. मग ती, पाटणबोरी अजून पुष्कळ दूर असताना, एका पळसाच्या सावलीत शांतपणे उभी राहिली.

“झालं!” मारोतराव स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटून आनंदाने ओरडले. आपली मोटार बंद पडल्याचा इतका हर्ष कोणा मालकाला झाल्याचे त्या सडकेने क्वचितच पाहिले असेल. “आज तर तुम्ही गाडीतच बसून होते! आता बोला!”

गुलाम नबी उतरला, कामटी घेतली आणि सवयीने मागे टाकीकडे वळला.

“ओ मिस्त्री!” मारोतराव धावत आडवे आले. “तिकडे कुठं? पेट्रोल मी सोताच्या हातानं भरलं. झाकणाले हात लावाचा नाही. दुखणं समोर आहे, समोर पाहा.”

हा अविश्वास मिस्त्रीला टोचला. पण आज वाद वाढवण्यात अर्थ नव्हता. त्याने कामटी ठेवून दिली आणि बॉनेट उघडले. कामटी न बुडवता त्याने हात घातलेली ही पहिलीच वेळ होती. त्याने पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी सैल केली आणि मारोतरावांना हँडल फिरवायला सांगितले. नळीतून थेंबही आला नाही. पंप खोलून पाहिला. झडपा चोख होत्या. मग टाकीकडून येणारी नळी काढली. तीही कोरडी.

गुलाम नबी तसाच वाकून उभा राहिला. इतके दिवस तो या मोटारीकडे येत होता, आणि दर वेळी नळीत पेट्रोल खेळत होते. आज काठोकाठ भरलेल्या टाकीतून एक थेंब येईना. मग आजच्यात आणि कालच्यात फरक काय? प्लग तोच, पंप तोच, सडकही तीच. दर वेळी त्याने केले आणि आज केले नाही, असे एकच काम होते.

“वहिनी,” तो सरळ होत म्हणाला, “तुम्ही साक्षीदार आहा. झाकण तुम्हीच खोला. फक्त कान जवळ ठेवा.”

इंदूबाई उतरल्या. त्यांनी पदर खोचला आणि झाकण फिरवले. ते एकदा हट्टाने अडले, आणि मग सुटले. सुटता सुटता टाकीने आत असा लांब श्वास ओढला की त्या दचकून मागे सरल्या.

“अव माय! हे तर सुस्कारा टाकून राह्यली!”

“सुस्कारा नाही वहिनी, श्वास घेऊन राह्यली. तिचं नाक बंद होतं.” तो पुढे पळत गेला. नळीच्या टोकातून पेट्रोल ठिबकू लागले होते. “टाकीतून पेट्रोल भाहेर जाते तेवढी हवा अंदर याले पाह्यजे. नाही तर पंप ओढून ओढून थकते.”

“म्हंजे तेलाच्या डब्याले दोन भोकं पाडतो तसं,” इंदूबाई म्हणाल्या. “एकच पाडलं तर तेल गटगट करते अन् अडते.”

“अगदी तसंच. म्हणून झाकणाले एक बारीक भोक असते.” त्याने झाकण हातात घेऊन उलटसुलट केले. पितळी झाकण सोन्यासारखे लखलखत होते, आणि आतून चांदीसारखे. ते लखलखते हे त्याने पूर्वीही पाहिले होते, आणि घरची बाई चोख आहे एवढेच त्याच्या मनात आले होते. भोक मात्र कोठेच नव्हते. “हे आतून पांढरं कायनं झालं?”

इंदूबाईंचा चेहरा क्षणात बदलला.

“कल्हईनं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही गाडी आणून देली तवा सारी चमकून राह्यली होती, अन् हे एकलंच झाकण काळंढुस्स. दिवाळीच्या भांड्यात मी हेही देलं कल्हईले. जफरनं मोठ्या मनानं करून देलं. म्हणे, भाबी, याले एक भोक पडलं होतं, तेबी बुजवून टाकलं, त्याचं काही घेत नाही.”

“कोण जफर?” मारोतरावांनी विचारले, खरे तर पांढरकवड्यात कल्हईवाला जफर एकच होता.

“माहा साळा,” गुलाम नबी म्हणाला, आणि सडकेच्या कडेला मटकन खाली बसला.

प्रथम इंदूबाई हसल्या. मग मारोतराव असे हसले की पळसावरचे होले उडून गेले. गुलाम नबीने पोतडीतून आरी काढली आणि बुजवलेल्या जागी टोचू लागला. कल्हई काही केल्या हलेना.

“काम पक्कं करते लेकाचा,” तो घाम पुसत म्हणाला.

शेवटी सुईच्या अग्राएवढे भोक मोकळे झाले. झाकण बसले. निळी मोटार पैनगंगेपर्यंत गेली, नदी पाहून वळली आणि वाटेत एकदाही न अडखळता हॉटेलासमोर येऊन उभी राहिली. खेमसिंगसह सगळे ड्रायव्हर वाट पाहत होते. गुलाम नबी उतरला आणि गॅरेजातून टरपेंटाइनची बाटली व चिंधी घेऊन आला.

“हे काय करून राह्यले?” मारोतरावांनी त्याचा हात धरला.

“गाडी थांबली तर पुसतो म्हटलं होतं. थांबली ना.”

“अहो, पण चूक तुमची कुठं होती?”

“होती थोडी. दर वेळी मीच झाकण खोलून दुखणं पळवत होतो, अन् मंग प्लगाले दोष देत होतो. आज तुम्ही मले अडवलं नसतं तर जलमभर पंप खोलत बसलो असतो.”

एवढ्यात कोणीतरी जफरला बोलावून आणले. तो बाजारातून भाता काखेत मारून आला होता आणि सगळी हकीकत ऐकून जराही वरमला नव्हता. “दुल्हाभाई, भोकाचं भांडं मी वापस देऊ? माह्या धंद्यात मुँह दाखवाची जागा राह्यली असती का? तुमची जबान ते जबान, अन् माही काय टरफल?”

 ड्रायव्हर बाकांवर थापा मारू लागले. इंदूबाईंनी पदर सावरून निवाडा दिला.

“मिस्त्रीनं इंजिनाची जबान देलती, झाकणाची नाही. इंजिन चांगलं निंगालं. वळ राहू द्या. पुसाचीच खुमखुमी असन तर त्या रंगाऱ्याले बलावून खाली आणखी एक लिवा, का जे चूक मी केली ते दुसऱ्या कोणी करू नये.”

मारोतराव बाकावर चढले. शब्द वापस घेताना त्यांचा आवाज इतका मोठा होता की, खेमसिंगच्या म्हणण्याप्रमाणे, ते केळापूरच्या देवळापर्यंत ऐकू गेले. ड्रायव्हर आता पुन्हा गुलाम नबीच्या डोळ्याला डोळा भिडवून हसत होते, आणि त्यांतल्या दोघांनी तेथल्या तेथे आपापले ट्रक त्याच्या छपराखाली लावले.

पाटीवर चौथी ओळ आली: ‘टाकीचे झाकण कल्हईस देऊ नये’. हैदराबादकडून येणारे अनोळखी ड्रायव्हर ती वाचून चक्रावत, कारण विचारत, आणि कारण सांगायला मारोतराव बहुधा तेथेच चहा पीत बसलेले असत.

पुढल्या दिवाळीला इंदूबाईंनी भांडी काढली तेव्हा जफरने पितळी झारा उजेडात धरला, त्याच्या सगळ्या भोकांतून आरपार पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “भाबी, आंधीच सांगून ठेवा. हे राहू देऊ, का बुजवू?”