साबणाचे फुगे मिळणार नाहीत

"तुम्ही फक्त साबणाचे फुगे उडवा," नाकाने आडनावाचा तो बाप म्हणाला. "फुगे बघत बघत ती आत जाईल, झोपेल. पुढचं माझं मी बघतो."

साएको हिराइवाने हातातली साबणाच्या पाण्याची बाटली बंद केली आणि टेबलावर ठेवली. मुलांच्या वॉर्डात आजारी मुलांना खेळवणं हे तिचं काम. चौदा वर्षं ती तेच करत होती. मुलाला सुई टोचण्याआधी त्याच्या हातून बाहुलीला टोचवायची, ऑपरेशनच्या दिवशी त्याचा हात धरून आत जायचं आणि तोंडावर मास्क चढून डोळे मिटेपर्यंत तिथे थांबायचं. नाकानेची पाच वर्षांची चिसातो तर साएकोचा हात धरल्याशिवाय एक्स-रेच्या खोलीतसुद्धा जात नसे. उद्या सकाळी तिचा उजवा डोळा काढायचा होता. आत गाठ होती, डोळा ठेवला तर पोर वाचणार नव्हती. तिला मात्र सांगितलं होतं, की डॉक्टर डोळा धुणार आहेत.

"फुगे मी आणणार नाही, नाकानेसान."

"म्हणजे?"

"तिला फसवून आत न्यायचं असेल, तर उद्या मीच येणार नाही."

हेड नर्स इगाराशीने कागदांतून मान वर केली. वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई. तिचा आवाज कधी चढत नसे. "हिराइवासान, घरच्यांची तशी इच्छा आहे. डॉक्टरांनीही मान्य केलंय. आपण मध्ये पडायचं नसतं."

"मी मध्ये पडतच नाहीये. बाजूला होतेय."

"तुमच्याशिवाय ती आत पाऊल टाकणार नाही, हे ठाऊक आहे तुम्हाला."

"आहे."

"मग याला काय म्हणतात, तेही ठाऊक असेल."

"अडवणूक म्हणतात," साएको म्हणाली.

नाकानेचा चेहरा लाल झाला. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. तो माशांच्या वड्यांच्या कारखान्यातून सुटला की तडक इथे यायचा, रबरी बूट पिशवीत घालून. "मुलं आहेत तुम्हाला?"

"नाहीत."

"म्हणून जमतं असं बोलायला. बापाने काय सांगायचं पोरीला? उद्या तुझा डोळा काढणार, चल, आता भात खा?"

"भात खाऊन झाल्यावर सांगा. पण सांगा."

"काय बाई आहात हो तुम्ही!"

"पट्टी सुटली की ती विचारणार, साएताई, तुला माहीत होतं? तुम्हालाही विचारणार. त्यानंतर साधं तापाचं औषध पाजायलाही चौघांनी धरावं लागेल तिला."

दुसरं कारण ती बोलली नाही. गेल्या हिवाळ्यात तिची आई कॅन्सरने गेली. आईला कळू द्यायचं नाही, पित्ताचे खडे आहेत म्हणायचं, असं मोठ्या भावाने ठरवलं आणि साएकोने मान डोलावली. मान डोलावून थांबली नाही, आपली सगळी विद्या तिथे पणाला लावली. कागदाच्या घड्या, रंगीत दोरे, जुने फोटो. आईने काही विचारायला तोंड उघडलं, की साएको तिच्यापुढे काहीतरी सरकवायची. पुढे कपाट उघडलं, तेव्हा कुणाच्या मयताला जाताना घालायचा आईचा काळा किमोनो सगळ्यांत वर सापडला. आईने बाह्या उसवून साएकोच्या मापाने पुन्हा शिवल्या होत्या. टाके ताजे होते, आई हॉस्पिटलातून शेवटची घरी येऊन राहिली त्या आठवड्यातले. सगळं माहीत असून दोन महिने दोघी एकमेकींसमोर खेळत बसल्या होत्या. किमोनो अगदी बरोबर बसला.

"मला वर कळवावं लागेल," इगाराशी म्हणाली.

"कळवा. पण ती साडेसातला झोपते, त्याच्या आत ठरवा."

नाकानेने पिशवीचे बंद ओढून बांधले. मग म्हणाला, "मला नाही जमणार. तुम्हीच सांगा."

"कसा काढतात, ते मी दाखवीन. का काढतात, ते तुम्ही सांगायचं. तिला तुमच्या तोंडून कळू दे."

खेळायच्या खोलीत साएकोने कापडी बाहुली बाहेर काढली. आठवड्यापूर्वीच शिवली होती, दाखवायची परवानगी मिळाली नव्हती. बाहुलीचा उजवा डोळा टिचबटणावर बसवला होता.

नाकाने जमिनीवर गुडघे टेकून बसला. "चिसातो, बाबा खोटं बोलला. डोळा धुणार नाहीत, काढणार आहेत. आत वाईट गाठ आहे. डोळा ठेवला तर ती सगळ्या अंगात पसरेल."

"मग परत कधी लावणार?"

त्याने साएकोकडे पाहिलं. साएकोने मदत केली नाही.

"नाही लावणार," तो शेवटी म्हणाला.

"दुसरा बसवतील, दिसायला असाच," साएको म्हणाली. "त्याने दिसणार मात्र नाही. डावा तुझाच राहील, त्याने दिसेल."

चिसातोने बाहुलीचा डोळा ओढला. टक् करून निघाला. रिकामी जागा बोटाने चाचपली, डोळा बसवला, पुन्हा ओढला. मग बाहुली बापाच्या छातीवर फेकून मारली.

"नाही देणार! माझा आहे! माझा डोळा आहे!"

त्या वॉर्डात मुलं उशीत तोंड खुपसून रडत आणि त्यांच्या आया आवाजाबद्दल शेजारच्या खाटांपाशी वाकून वाकून माफी मागत. नाकानेचा हात सवयीने पोरीच्या तोंडाकडे गेला. साएकोने त्याचं मनगट धरलं.

दारात इगाराशी उभी होती. "हिराइवासान, बाकीच्यांना त्रास होतोय."

"होऊ दे."

"निदान दार तरी लावा."

"नाही लावणार. तिचा डोळा जातोय. ऐकू दे सगळ्यांना."

चिसातो बापाच्या खांद्यावर मुठी मारत होती. "बाबा वाईट! बाबा घाण!" प्रत्येक मुठीला तो "हो" म्हणत होता. शेवटी तिला धाप लागली. नाक त्याच्या शर्टाला पुसून तिने विचारलं, "तू येणार आत?"

"दारापर्यंत येईन."

"दारापर्यंत नको. आत. साएताई या हाताला, तू त्या हाताला."

"नियमात बसत नाही ते," दारातून इगाराशी म्हणाली. "आई-वडिलांना आत सोडत नाहीत."

चिसातोने तिच्याकडे वळून पाहिलं. "मग मी पण नाही जाणार."

इगाराशीने साएकोकडे पाहिलं. साएकोने नजर खाली घातली नाही, नाकानेनेही नाही. इगाराशी वळली आणि बापाला आत सोडता येईल का ते विचारायला फोनकडे चालू लागली.