संस्कृतीचा जबाब

कुरुळीच्या वळणावर सोनबाला गाडीनं उडवलं, तेव्हा ते पाहणारी एकटी दहा वर्षांची संस्कृती होती. सोनबाचा पाय मोडला, सायकल गटारात गेली आणि गाडीवाला पसार झाला. धडक मागून बसल्यामुळे सोनबाला स्वतःला काहीच दिसलं नव्हतं.

त्या सुमारास ज्योतीरामचा निळा टेंपो गेला, असं नाक्यावरचा चहावाला म्हणाला. म्हणून फौजदार अनुयानं त्याच संध्याकाळी मुलीला विचारलं, "टेंपो निळा होता ना?"

"निळा होता ना," संस्कृती म्हणाली.

अनुयानं ते लिहून घेतलं. ज्योतीरामचा टेंपो चौकीत आणून लावला, आणि तो बिचारा दोन दिवस पोराबाळांच्या शपथा घेत चौकीत हेलपाटे घालत राहिला.

मुलगी स्वमग्न आहे हे अनुयाला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं निगडीहून अरुंधतीताईंना बोलावलं. अशा मुलांना शिकवण्यात ताईंची वीस वर्षं गेली होती. त्यांनी जबाबाचा कागद वाचला, संस्कृतीशेजारी जरा वेळ बसल्या आणि सहज म्हणाल्या, "तू आज हत्तीवर बसून आलीस ना?"

"हत्तीवर बसून आलीस ना," संस्कृती म्हणाली.

अनुयानं जबाबाचा कागद ओढून घेतला आणि 'निळा होता ना' या शब्दांखाली रेघ मारली.

"खोटं नाही बोलत हो ती," ताई म्हणाल्या. "घाई केली की आपलंच वाक्य आपल्याला परत करते. तिनं पाहिलंय ते आत आहे. बाहेर यायला तिला वाट हवी."

दुसऱ्या खेपेला अनुया वर्दी न घालता संस्कृतीच्या घरी गेली. ताईंनी आधी चार चित्रं भिंतीला चिकटवली: बसायचं, रंगवायचं, सांगायचं, संपलं. घरघरणारा पंखा बंद करायला लावला. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, असंही मुलीला दोनदा सांगितलं. आजी कुशाबाई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "बाई, दमानं घ्या. तिला येळ लागतो, पर इसरत न्हाई ती काई."

"त्या दिवशी रस्त्यावर काय काय होतं, ते काढ," एवढंच अनुया म्हणाली.

संस्कृतीनं रस्ता काढला, सायकल काढली. मग किती तरी वेळ काहीच नाही. अनुयाच्या जिभेवर प्रश्न वळवळत होते, पण ताईंनी नुसती मान हलवली. मुलीनं निळा खडू उचलला आणि रस्त्याच्या मधोमध ठिपके देत सुटली, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

"पाऊस पड—" अनुयाच्या तोंडून निघालंच. ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"या ठिपक्यांबद्दल सांग," ताई म्हणाल्या.

संस्कृती ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग स्पष्ट म्हणाली, "नळ गळतोय. मोठा नळ. गाडीच्या पाठीमागं."

तिनं गाडी काढली. लांब, गोल पोटाची, मागं नळ आणि नळाला बांधलेली लाल चिंधी.

"अगं बाई, ह्यो तर टँकर हाय!" कुशाबाई उठूनच उभी राहिली.

अनुयानं संस्कृतीचे शब्द उतरवले आणि वाचून दाखवले. "नळ गळत होता," असं वाचताच संस्कृतीनं कागदावर हात आपटला. "गळतोय!" अनुयानं हसत खोडलं आणि 'गळतोय' लिहिलं.

लाल चिंधीचा टँकर सापडायला दीड दिवस लागला. पुढचा बंपर चेपला होता, त्याला सोनबाच्या सायकलचा हिरवा रंग लागलेला होता. ड्रायव्हरनं फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं.

टेंपोची किल्ली द्यायला अनुया स्वतः ज्योतीरामच्या दारी गेली. "चूक माझी होती, भाऊ," ती म्हणाली. खालमानेनं माफी मागणारा पोलीस ज्योतीरामनं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला.

पुढच्या शनिवारी अरुंधतीताई चौकीत आल्या. मुलांना प्रश्न कसे विचारावेत, यावर तासभर बोलायचं ठरलं होतं. तीन-चार जण येतील असा अनुयाचा अंदाज होता. खुर्च्या कमी पडल्या. दोन हवालदार खिडकीत बसले, आणि तास संपून गेला तरी कुणी उठेना.