एकाच स्टेशनचे दोन चौक

मेट्रोतून वर आल्याआल्या फंग रोंगशिऊने भाच्याला फोन लावला आणि मी पोचले म्हणून जरा ऐटीतच सांगितलं. देलिन म्हणाला, मावशी, आम्ही प्रवेशद्वारापाशीच उभे आहोत, तुम्ही दिसत नाही. मोठ्या घड्याळाखाली आहे रे, ती म्हणाली. इथे मोठं घड्याळच नाही, तो म्हणाला. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून चौकाची पाटी वाचली.

छोंगछिंगच्या उत्तर स्टेशनला दोन चौक आहेत, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. स्टेशन एकच, पण हे दोन चौक एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या जावांसारखे पाठ फिरवून बसलेले. गाड्याही वाटून घेतलेल्या. मधून चालत जायला सरळ वाट नाही, आणि रस्त्याने जायचं तर उड्डाणपुलावरून वळसा. शहरातलं शेंबडं पोरसुद्धा स्टेशनला निघताना आधी चौक विचारतं. बाहेरगावचे लोक चुकीच्या चौकात उतरून कपाळावर हात मारतात, तेव्हा रोंगशिऊ जन्मभर त्यांना हसत आली होती. आज बहात्तराव्या वर्षी ती स्वतःच दक्षिण चौकात उभी होती आणि देलिनच्या आईची, म्हणजे तिच्या ताईची, गाडी उत्तरेकडून सुटणार होती.

यात दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती. सुनेने सकाळपासून तीनदा बजावलं होतं, मोबाइलवरून गाडी मागवून देते असंही म्हणाली होती. पण म्हातारपणीच्या कार्डावर मेट्रो फुकट, आणि तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या बाईला कालची आलेली सून रस्ता शिकवणार? गेली तोऱ्यात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी साडेपाचची. तिकीट नसलेल्याला दारातून आत सोडत नाहीत, म्हणजे ताईला भेटायचं ते दाराबाहेरच, आणि फार तर पाच-सव्वापाचपर्यंत. ताई एकोणऐंशीची. ती मुलाबरोबर, देलिनबरोबर, त्याच्याकडे हार्बिनला राहायला चालली होती, पार वरच्या टोकाला, जिथे म्हणे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. पुन्हा भेट होईल असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नव्हतं.

रोंगशिऊला तिला एकच सांगायचं होतं. वडील नदीत बुडून गेले तेव्हा ताई पंधराची आणि ही आठची. ताईने शाळा सोडली, खांद्यावर बांबूची कावड घेतली आणि धक्क्यावरून वरच्या बाजारापर्यंत तीनशे पायऱ्या लोकांचं ओझं वाहिलं. अकरा वर्षं. त्यावर धाकटी शिकली, मास्तरीण झाली, आज पेन्शन खाते. आणि एवढ्या वर्षांत या मास्तरणीने ताईला त्याबद्दल एक शब्द म्हटला नव्हता. घरच्या माणसाचे आभार मानायची रीतच नाही आपल्यात. पण गेले आठ दिवस तिला झोप नव्हती.

देलिन म्हणाला होता, मेट्रोने एकच स्टेशन आहे, या. पण ती मेट्रो पाताळात, आणि रोंगशिऊचा उजवा गुडघा आत्ताच्या जिन्यांनीच बोलायला लागला होता. ती टॅक्सीकडे वळली. तिथे दुसरी पंचाईत. चार ते पाच म्हणजे पाळी बदलायची वेळ. दिवसाचा चालक रात्रीच्या जोडीदाराला गाडी सोपवायला निघालेला असतो, त्या तासाभरात तो साक्षात सासऱ्यालाही गाडीत घेत नाही. सहा टॅक्सीवाल्यांनी काच खाली करून कुठे म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून काच वर केली. बाकीच्या सगळ्या मोबाइलवरून आधीच ठरलेल्या.

सातव्या गाडीत एक पन्नाशीची बाई होती. केस पुरुषासारखे कापलेले, मांडीवर चहाची बाटली. तिचं नाव रान छ्योंग, असं पुढच्या पाटीवर फोटोसकट लिहिलं होतं.

"उत्तर चौक?" ती म्हणाली. "काकू, ही काय टॅक्सीने जायची जागा आहे? थुंकलं तर पलीकडे पडेल. आणि माझी पाळी संपली."

रोंगशिऊने तिला नीट उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर रडूच आलं. भर रस्त्यात, बहात्तर वर्षांची मास्तरीण. मागच्या बसने भोंगा वाजवला.

"बसा," रान म्हणाली. "आधी बसा, मग रडा. इथे दंड होतो."

उड्डाणपुलाच्या वळशावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. रोंगशिऊने सगळं सांगून टाकलं, कावड, पायऱ्या, आठ दिवसांचं जागरण. परक्या माणसाला सांगताना काही अडत नाही. रानच्या जोडीदाराचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा तिने त्याला, तोवर नूडल्स खा आणि माझं डोकं खाऊ नकोस, असं सुनावलं.

"काकू, मला सांगितलंत ना, तेच तिला सांगा," ती मग म्हणाली. "दोन वाक्यं तर आहेत."

"ती चिडेल. म्हणेल, मी परकी आहे का."

"चिडू दे. एवढा हक्क आहे तिला."

चार पंचावन्नला त्या उत्तर चौकात उतरल्या. रानने मीटरप्रमाणे पैसे घेतले, आणि पाळी कधीच संपलेली असूनही गाडी वाहनतळात लावून काकूंना हाताला धरून दारापर्यंत आणलं. तिथे देलिन पाच बोचकी राखत एकटाच उभा. चेहरा पांढरा.

"आई तुम्हाला आणायला गेली," तो म्हणाला. "मेट्रोने, दक्षिण चौकात. मी नको म्हणत होतो. तुम्हीही फोन उचलला नाहीत. फोनही माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, ती लहानपणापासून अशीच चुकते, मीच आणते तिला."

रानने कपाळाला हात लावला. दोघी एकाच भट्टीच्या, एवढंच ती म्हणाली. रोंगशिऊला आता बोलायचं वगैरे काही उरलं नव्हतं. ताईची गाडी आपल्यापायी चुकणार, म्हणजे शेवटचं ओझंही आपणच तिच्या खांद्यावर दिलं, एवढंच तिला कळत होतं. पाच वाजले. पाच दहा झाले. देलिनने एकेक बोचकं तपासणीच्या रांगेकडे सरकवायला घेतलं.

पाच चौदाला मेट्रोच्या तोंडातून जांभळी कापशी बंडी वर आली. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी, पण पायऱ्या चढलेले पाय ते. आल्याआल्या तिने धाकटीच्या दंडाला चिमटा काढला.

"बावळट कुठली. सगळा चौक पालथा घातला. गुडघा कसा आहे?"

देलिनने तिला आत ओढायला सुरुवात केली होती. सुरक्षारक्षक कर्ण्यावरून साडेपाचच्या गाडीचे प्रवासी उरलेत का विचारत होता. बोलायला वेळ नव्हताच. ताई दारापलीकडे गेली, वळली, आणि मधल्या लोखंडी कठड्यावर तिने हात ठेवला.

"ताई," रोंगशिऊ म्हणाली, "मी शिकले ते तुझ्या खांद्यावर. तुझे उपकार आहेत माझ्यावर. मी कधी म्हटलं नाही."

ताईने कानामागे हात धरला. कर्णा ओरडत होता.

"काय?"

मग मास्तरीण तीस वर्षं वर्गात जशी ओरडली नव्हती तशी ओरडली. तुझ्या खांद्यावर शिकले, तुझे उपकार आहेत. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. रक्षकाने कर्णा खाली घेतला. रान छ्योंग दुसरीकडे तोंड करून नाक पुसत होती.

ताई चिडली नाही. कठड्यावरून हात लांब करून तिने बहिणीचा गाल पुसला.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं गं," ती म्हणाली. "पुन्हा ऐकावंसं वाटलं."