इंदुताईंच्या पोळ्या आणि भालचंद्ररावांचे उपास

इंदुताईंच्या पोळीबद्दल लष्कर शहरातल्या खासगी बाजार या पेठेत दोन मतं नव्हती. असती तरी ती त्यांच्या कानावर घालण्याची कुणाची छाती नव्हती. कणीक तिंबायला बसल्या की अर्धा तास उठायच्या नाहीत. गोळा हातात धरून ओढला तर लांबला पाहिजे, तुटता कामा नये, हा त्यांचा दंडक. गल्लीत कुणाची सून नवी आली की तिला आधी देवळात नेत आणि मग इंदुताईंकडे पोळी बघायला.

अशा बाईच्या नवऱ्याचं पोट कायमचं बिघडलेलं असावं, ही नशिबाने केलेली चेष्टाच म्हणायची. भालचंद्रराव सचिवालयात वरिष्ठ कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गाईसारखा आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं. वैद्य झाले, हकीम झाले, होमिओपॅथीच्या गोळ्या झाल्या. सगळ्यांनी पथ्य म्हणून एकच गोष्ट सांगितली, की हलकं खा, मऊ पोळी दुधात कुस्करून खा. इंदुताई मोठ्या मायेने कुस्करून द्यायच्या.

भालचंद्ररावांना बरं वाटायचं ते फक्त उपासाच्या दिवशी. साबुदाणा, वरीचे तांदूळ, बटाटा, दाण्याची आमटी खाल्ली की माणूस टवटवीत. दुसऱ्या दिवशी पारण्याला पुऱ्या झाल्या की पुन्हा हाताला तांब्या. याचा अर्थ उघड होता. देव प्रसन्न होता, आणि त्याला आणखी उपास हवे होते. मग एकादशीला चतुर्थी जोडली गेली, चतुर्थीला सोमवार, सोमवाराला गुरुवार. अठरा वर्षांच्या संसारात त्यांच्या भक्तीचा असा बोलबाला झाला की दोन-चार बायका संक्रांतीला त्यांच्या पाया पडून जायच्या. इंदुताईंना त्याचा अभिमान होता. पोळी त्यांची आणि पुण्य नवऱ्याचं, असं घराचं नाव दोन्हीकडून राखलं गेलं होतं.

त्यात आलं छप्पन साल. आठ वर्षांपूर्वी रियासत विलीन झाली तेव्हा दफ्तराची नुसती पाटी बदलली होती. आता मध्यभारत हे राज्यच मोडणार होतं आणि दफ्तर उचलून भोपाळला जाणार होतं. लष्करातल्या निम्म्या घरांत जेवण गोड लागेना. शेजारच्या शांताताई तर एका सकाळी थेट भालचंद्ररावांसमोर येऊन बसल्या.

“भाऊ, आमच्या ह्यांचा तबादला रुकला पाहिजे,” त्या म्हणाल्या. “भोपाळचं पाणी ह्यांना बिलकुल सोसणार नाही. तुमचं देव ऐकतो. आमच्यासाठी मंगळवार धरा.”

भालचंद्ररावांना कुणाला नाही म्हणायची सवयच नव्हती. त्यांनी मंगळवार धरला. आठवड्यातले निम्मे दिवस साबुदाण्यावर जाऊ लागले आणि श्रावणभर त्यांची तब्येत अशी सुधारली की इंदुताईंनी देवाला नारळ फोडला. पुढे पितृपंधरवडा आला, घरोघरची श्राद्धाची जेवणं आली, आणि भालचंद्रराव बारा दिवस रजेवर गेले. साहेब भला माणूस होता, पण त्याचाही इलाज नव्हता. रजांचा ढीग पाहून त्याने सांगितलं की भोपाळच्या यादीत नाव घालायचं तर तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला आणा, नाही तर पेन्शन घ्या. बेचाळिसाव्या वर्षी पेन्शन. इंदुताईंनी त्याच दिवशी टांगा बोलावला.

जयेंद्रगंजात डॉक्टर विश्वासराव नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. त्यांच्या आज्याने घोडदळात तलवार चालवली होती, नातू नळी लावून छाती ऐकत होता. त्यांनी भालचंद्ररावांना काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव पौंड.

“खाण्यात काय असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्यांना काय विचारता, मला विचारा,” इंदुताई म्हणाल्या आणि अठरा वर्षांचा स्वयंपाक त्यांनी डॉक्टरांपुढे वाढला. कोणत्या उपासाला काय, पारण्याला काय आणि पारण्यानंतर किती वेळा जावं लागलं, हेही. बाईंची आठवण तल्लख होती. डॉक्टर आधी कंटाळून ऐकत होते, मग त्यांनी टाक उचलला आणि लिहून घ्यायला लागले.

“म्हणजे उपासाला ठीक आणि पोळी-पुरी खाल्ली की त्रास. दर वेळी?”

“दर वेळी. देवाचीच कृपा ती.”

“ताई, देवाचं राहू द्या. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिलं तर शेवटी काय उरतं?”

हा काय प्रश्न झाला. “पांढरं पाणी निघून जातं आणि चिवट गोळा राहतो,” इंदुताई म्हणाल्या. “तीच तर कणकेची जान. त्याच्याशिवाय पोळी लाटून दाखवा.”

“त्या चिवट भागाला ग्लुटेन म्हणतात. तुम्हा-आम्हाला तो पचतो. काही माणसांच्या आतड्याला मात्र सोसत नाही, आतलं मऊ अस्तर खराब होतं. मग कितीही पौष्टिक खा, अंगाला लागत नाही. पोट बिघडतं, वजन उतरतं, रक्त कमी होतं.” हॉलंडात लढाईच्या वेळी ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा अशा पोटाची मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या एका डॉक्टराने ते हेरलं होतं. “सहा आठवडे गव्हाचा कण नको. रवा नको, मैदा नको, शेवया नकोत. आणि उपास बंद, रोज पोटभर जेवायचं. मग वजन पाहू.”

टांग्यातून घरी आल्यावर इंदुताई एवढंच म्हणाल्या, “त्या हॉलंडच्या लोकांना कणीक तिंबता येत नसेल.”

पण दाखला हवा होता. दुसऱ्या दिवशी बाजरीचं पीठ आलं. इंदुताईंनी जन्मात भाकरी थापली नव्हती. त्यांच्या माहेरी आणि सासरी ते काम गड्यामाणसांकडचं. पहिली भाकरी उचलताना तिचे चार तुकडे झाले, दुसरीची राज्य पुनर्रचना तव्यावरच झाली. भालचंद्ररावांनी तुकडे वेचून निमूट खाल्ले. तीन आठवड्यांत त्यांचं पोट शांत झालं, गालांवर रंग आला. इंदुताईंना आनंद झाला, आणि तो आनंद टोचतही होता. नवरा सुधारत होता म्हणजे डॉक्टर खरे ठरत होते.

चौथ्या आठवड्यात शांताताई डोकावल्या आणि ताटातले तुकडे पाहून म्हणाल्या, “इंदुताई, हे तुमच्या हातचं?” बस. तेवढं जिव्हारी लागलं. त्या संध्याकाळी इंदुताईंनी बाजरीच्या पिठात मूठभर कणीक टाकली. नुसती बांधणीपुरती. भाकरी अशी गोल आणि अखंड उतरली की त्यांना स्वतःलाच ती दोनदा पाहावीशी वाटली. मग रोजच मूठभर पडू लागली.

पाचव्या दिवशी भालचंद्रराव अंथरुणावर होते. पोट फुगलेलं, डोळे आत गेलेले.

“डॉक्टरांचं काही खरं नाही,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “गव्हाचा कण नाही आणि तरी हे. उगाच तुझ्या पोळीला नाव ठेवलं. उद्यापासून कर तू पोळ्या.”

इंदुताई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. नुसतं गप्प राहायचं होतं. डॉक्टर खोटे पडत होते, पोळी निर्दोष सुटत होती, आणि कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या मनगटाकडे पाहिलं. त्यावरची घड्याळाची पट्टी शेवटच्या भोकाच्याही आत नवं भोक पाडून बसवलेली होती.

“कण नाही, मूठ होती,” त्या म्हणाल्या. “भाकरी तुटायची म्हणून मीच घालत होते. चार दिवस.” आणि पेला त्यांनी उशापाशी ठेवला.

भालचंद्रराव रागावले नाहीत. उलट अपराध्यासारखे म्हणाले, “माझंही एक आहे. तो एकादशीचा उपास तेवढा देवाचा. बाकीचे नाहीत.”

“म्हणजे?”

“पोळी पोटात गेली की त्रास होतो, असं मला पहिल्या दोन-तीन वर्षांतच वाटायला लागलं होतं. पण तू इतक्या हौसेने करायचीस, सगळा गाव नावाजायचा. तुला कसं सांगणार? उपास आहे म्हटलं की तू काही विचारायची नाहीस. म्हणून वार वाढवत गेलो.”

इंदुताईंना आधी संताप आला. इतकी वर्षं देवाच्या आड लपून हा माणूस आपल्या पोळीपासून पळत होता. मग त्यांच्या मनात आलं, की पळाला ते उपासाच्या दिवशी. बाकीच्या दिवशी बसून खाल्लीच की, दुखतंय हे माहीत असून, दूध घालून, आणि छान झालीय असं म्हणून. त्यांना रडू आवरेना. भालचंद्ररावांना बायको रडली की काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं, तेव्हा त्यांनी तो पाण्याचा पेला तिच्याचकडे सरकवला.

डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली. या वेळी पिठाचा डबा, पोळपाट, सगळं घासून वेगळं झालं. मुदत संपली तेव्हा काट्याने एकशे सात पौंड दाखवले. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली आणि गहू जन्मभर बंद असं बजावलं.

दाखला घेऊन दोघं घरी येतात तो ओट्यावर शांताताई आणि गल्लीतल्या तीन-चार बायका. शांताताईंच्या यजमानांचा, जगदेवरावांचा, भोपाळचा हुकूम त्याच दिवशी आला होता.

“मंगळवार सोडलात ना, भाऊ?” शांताताईंचे डोळे लाल होते. “म्हणून झालं हे सगळं. तुम्ही उपास मोडलेत आणि आमचं घर हललं. इतक्या वर्षांचं पुण्य, आणि नेमकं आमच्या वेळेला भाकरी तोडत बसलात.”

बायकांनी माना डोलावल्या. भालचंद्रराव चपला काढता काढता थांबले. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. “पुढच्या मंगळवारपासून पुन्हा धरतो.”

“काही धरायचा नाही,” इंदुताई म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं नाही, त्या ओट्यावरच उभ्या राहिल्या. “शांताताई, ह्यांचे उपास देवाचे नव्हते. माझ्या पोळीने ह्यांचं पोट जळायचं. अठरा वर्षं जळत होतं. मला वाईट वाटेल म्हणून हे देवाचं नाव सांगायचे.”

शांताताईंनी चाचरत विचारलं, “तुमच्या पोळीने? एवढ्या मऊ पोळीने?”

“मऊ होती म्हणूनच,” इंदुताई म्हणाल्या. शब्द सगळ्यांना ऐकू गेले. “जितकी चांगली करत होते तितकं ह्यांना मारत होते. आता भाकरी करते. चांगली होत नाही अजून. सगळ्यांना सांगा.”