न हलवलेल्या आकड्यांचा दंड

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे आणि आजवर एकदाही रस्त्यावर धावलेली नाही. मला पेट्रोल लागत नाही. माझे टायर झिजतात, पण त्यांत रबर नाही. मी आकड्यांची बनलेली आहे आणि मोबाइलच्या काचेमागे राहते. तुमच्यापैकी काहींच्या घरी माझ्या बहिणी असतीलच.

माझी कहाणी मी शांतपणे सांगेन असं वचन देत नाही. मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे तुम्ही ऐकायला हवं.

माझा जन्म दूरच्या एका कंपनीत झाला. घडवणाऱ्यांनी मला तीन पट्ट्या दिल्या, बोटाने मागेपुढे सरकवायच्या. एक पुढच्या पंखाची, एक स्प्रिंगची, एक गिअरची. शून्यापासून शंभरापर्यंत, पाच-पाचाच्या घरांनी. पंख उभा केला की वळणावर मी रस्ता घट्ट धरते, पण सरळ रस्त्यावर वारा मला अडवतो. पंख पाडला की उलटं होतं. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी मालकाने ट्रॅक पाहायचा, सराव फेऱ्या मारून बघायच्या आणि आकडे ठरवायचे. शर्यत सुरू झाली की मालकाच्या हातात काही नसतं. सगळा विचार आधी करायचा.

जन्मतः माझ्या तिन्ही पट्ट्या पन्नासावर होत्या, आणि प्रत्येक शर्यतीनंतर त्या आपोआप पन्नासावर परत येतात. सगळ्याच गाड्यांच्या असतात. खेळणारे त्यांना डिफॉल्ट आकडे म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी रड इथेच आहे.

मी गेले सालवडला, मोनालीच्या मोबाइलमध्ये. मोनाली तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये काम करते. तिचे वडील नागोराव तरुणपणी नांदेडकडून इथे आले आणि अशाच एका कारखान्यात भट्ट्या सांभाळत म्हातारे झाले. निवृत्त झाल्यावर त्यांचं बोलणंच आटलं. चहा आला की प्यायचे, जेवण आलं की जेवायचे. मोनालीने मला आणलं ते त्यांच्यासाठी.

"अण्णा, ही गाडी आपली. नाव काय ठेवू?"

नागोरावांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "गोजरा."

स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला. मोनालीची आई, गोजराबाई. "माझं नाव गाडीला द्यायलाव? उद्या गाडी आपटली की लोकं म्हणतील, गोजरा आपटली!"

"आपटायची न्हाई. तू कुठं आपटलीस आजवर?"

"तुमच्याशी लगीन केलं की!"

त्या घरात त्या दिवशी नागोराव बऱ्याच काळाने हसले, असं मोनाली नंतर कुणाला तरी फोनवर सांगत होती. मला तेव्हा इतकंच कळलं की माझं नाव गोजरा आहे आणि मला आपटायचं नाही.

आता त्यांची कामाची पद्धत सांगते. कारखान्यात पाळी बदलताना नवा माणूस येतो, प्रत्येक काट्यापाशी थांबतो, बोट दाखवून आकडा मोठ्याने वाचतो. चुकीचा असेल तर दुरुस्त करतो. बरोबर असेल तर "ठीक" म्हणतो आणि पुढे जातो. चालत्या प्लांटला उगाच हात लावायचा नाही, हे नागोरावांनी मोनालीला ती शाळेत असल्यापासून शिकवलेलं. त्यांच्या कारखान्यात एक नवा साहेब आला होता. आपण काम करतो आहोत हे दिसावं म्हणून तो रोज एखादा व्हॉल्व्ह थोडा फिरवायचा. एक दिवस भट्टी अशी तापली की सगळी पाळी फाटकाबाहेर पळाली. ही गोष्ट नागोराव गणपतीच्या आरतीसारखी न चुकता सांगत.

माझ्याबाबतीतही त्यांनी हेच केलं. मोनाली सराव घ्यायची तो शास्त्र शिकलेल्या माणसासारखा. एका वेळी एकच पट्टी हलवायची, बाकीच्या दोन जागच्या जागी. फेरीची वेळ पाहायची, पुन्हा हलवायची. शेवटी नागोराव चष्मा लावून काचेवर बोट ठेवत.

"पुढचा पंख?"

"पस्तीस."

"ठीक. स्प्रिंग?"

"सत्तर."

"ठीक."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे दिवस. कुणीतरी आपल्या प्रत्येक अवयवावर बोट ठेवून तो नीट आहे ना हे विचारतं, याहून मोठं सुख गाडीला नसतं.

आमची लीग बबलूची. बबलूचं बोईसरला मोबाइलचं दुकान आहे. कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून शर्यतही शुक्रवारी दुपारी. वीस संघ होते. पहिल्या हंगामात निम्मे मालक दोन शर्यती खेळून गायब झाले. त्यांच्या गाड्या पन्नासाच्या आकड्यांवर मढ्यासारख्या फिरत राहिल्या. लीगची मजा गेली. म्हणून दुसऱ्या हंगामात बबलूने खेळातला एक नियम चालू केला. शर्यत सुरू होताना तिन्ही पट्ट्या डिफॉल्टवर दिसल्या की अर्ध्या मिनिटाचा दंड. एका हंगामात तीनदा असं झालं की संघ बेवारस धरायचा आणि गाडी पुसून टाकायची.

नियम का आला ते मला समजतं. त्या मढ्यांबरोबर मीही धावले आहे. पण नियमाला डोळे नव्हते, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला दंड आम्हाला लागला तेव्हा गोजराबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मोनाली आणि नागोराव पालघरच्या दवाखान्यात होते. कुणी मला उघडलंही नाही. मी पन्नासावर धावले आणि शेवटून दुसरी आले. घरी आल्यावर मोनालीने निकाल पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे. आपण नव्हतो." मीही तक्रार केली नाही.

दुसरा दंड समुद्राकाठच्या ट्रॅकवर लागला. तो ट्रॅक अर्धा सरळ, अर्धा वळणांचा. घडवणाऱ्यांनी मूळ आकडे बहुधा तोच ट्रॅक समोर ठेवून ठरवले असावेत. मोनालीने आठवडाभर सराव घेतला. पंख वर केला, वेळ वाढली. खाली केला, वेळ वाढली. स्प्रिंग घट्ट केली, सैल केली. गिअर लांब केला, आखूड केला. कुठूनही निघालं तरी वाट पन्नासाला येऊन मिळत होती.

"पुढचा पंख?"

"पन्नास."

"ठीक. स्प्रिंग?"

"पन्नास."

नागोरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिअर बी पन्नासच म्हणशील आता."

"पन्नासच. तपासलंय अण्णा."

"मग ठीक."

शर्यतीत मी पहिली आले. आयुष्यात पहिल्यांदा! नागोराव उठून उभे राहिले. आणि निकालाच्या पाटीवर माझ्या नावापुढे लाल अक्षरं उमटली: निष्काळजी संघ, अर्धा मिनिट दंड. मी पहिल्याची चौदावी झाले.

निष्काळजी! ज्यांनी आठवडाभर माझ्या फेऱ्या मोजल्या, ते निष्काळजी. आणि आमच्याच लीगमधला पालघरचा दर्पण? त्याच्या फोनवर एक बटण आहे, ते दाबलं की पट्ट्या कुठेही उडतात, सोंगट्यांसारख्या. तो वडापाव खाता खाता ते बटण दाबतो आणि फोन खिशात टाकतो. ट्रॅक कुठला ते त्याला ठाऊकही नसतं. त्याला आजवर एकदाही दंड नाही, कारण त्याचे आकडे हललेले असतात.

हंगामाची शेवटची शर्यत पुन्हा त्याच समुद्राकाठच्या ट्रॅकवर होती. बरोबर आकडे ठेवले तर तिसरा दंड, आणि मी पुसली जाणार. मोनाली वडिलांना घेऊन बबलूच्या दुकानात गेली. मी तिच्या हातात होते. दर्पणही तिथे काउंटरला टेकून उभा होता.

"बबलू, आम्ही तपासून पन्नास ठेवतो. न पाहता नाही. सराव फेऱ्या बघ, सगळ्या आत दिसतात."

बबलू एका फोनची काच बसवत होता. "दीदी, मला माहीत आहे तुमी खेळता. पण रूल म्हणजे रूल. सगळ्यांना सेम."

"सगळ्यांना सारखा आहे, पण तो चुकीची गोष्ट मोजतो. तुला कोण गैरहजर आहे ते शोधायचंय. तू आकडा हलला का ते बघतोस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"अरे यार, मशीनला कसं कळणार?"

"मशीनला कळत नसेल तर माणसाने विचारावं. शर्यतीआधी मी तुला 'पाहिलं, ठीक आहे' एवढा मेसेज टाकते."

"आज तुमचा मेसेज घेतला, उद्या वीस जण टाकतील. मी दुकान चालवू की मेसेज वाचू?"

दर्पण हसला. "मोनालीताई, एक घर सरकव ना पंख. विषय खल्लास. एवढं काय त्यात?"

"ते चूक आहे, म्हणून."

"चूक तर चूक! मी तर कधी बघतपण नाही."

"तेच सांगतेय मी याला," मोनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज कधीच चढत नाही. पण तिचा अंगठा माझ्या काचेवर असा रुतला की मला वाटलं तडा जाईल.

नागोराव बबलूला म्हणाले, "बाबा, आमच्या प्लांटात असा नियम असता, की रोज एक तरी व्हॉल्व्ह फिरवलाच पाहिजे, तर सालवड जाग्यावर राहिलं नसतं."

"काका, हा गेम हाय," बबलू हसत म्हणाला. "टेन्शन नका घेऊ."

शुक्रवारी दुपारी तिघं माझ्यासमोर बसली. गोजराबाईही आल्या होत्या. "माझं नाव पुसायला निघालेत म्हणं," त्या म्हणाल्या, पण कुणी हसलं नाही.

मोनालीने पुन्हा सराव घेतला. उत्तर तेच. तिने मोबाइल खाली ठेवला. "मी चुकीचा आकडा टाकणार नाही, अण्णा. पुसली तर पुसली. नवी गाडी घेऊ."

नागोरावांनी मला उचललं. बोट पंखाच्या पट्टीवर आलं, नेहमीसारखं. पण या वेळी त्यांनी आकडा वाचला नाही. त्यांनी पट्टी एक घर वर सरकवली. पंचावन्न.

"अण्णा!"

"राहू दे."

"तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं. म्हणूनच तुझ्या हातानं नको." त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि ते चूळ भरायला मोरीत गेले. चूळ भरून झाली तरी नळ चालूच होता.

मी धावले. मी कशी धावले ते मलाच माहीत. वळणं मी छान घेतली, पण प्रत्येक सरळ रस्त्यावर वारा माझा पंख धरून मागे ओढत होता, आणि सफाळ्याच्या अंकुशची गाडी बाजूने निघून गेली. मला ती गाठता येत नव्हती आणि का येत नाही हे मला ठाऊक होतं. मी दुसरी आले. लाल अक्षरं आली नाहीत. दर्पण सातवा आला. त्यालाही लाल अक्षरं नव्हतीच.

लगेच बबलूचा फोन आला. तो मनापासून खूश होता. "काका, बघा! हात लावला तर आली ना सेकंड? मागच्या वेळी चौदावी होती. म्हणून मी सांगतो, रूल चांगला हाय!"

नागोराव "हां" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, मला त्या क्षणी कंठ असता तर मी साऱ्या बोईसरला ऐकू जाईल असं ओरडले असते. मागच्या वेळी मी पहिली आले होते! नियमानेच मला चौदावी केलं आणि आता तोच नियम माझ्या दुसऱ्या नंबराचं श्रेय घेत होता. आणि हे खोटं आहे हे सिद्ध करायलाही काही उरलं नव्हतं, कारण पाटीवर फक्त निकाल राहतो.

नवा हंगाम सुरू झाला आहे. नियम तसाच आहे. शुक्रवारी नागोराव चष्मा लावतात, पण आता पट्ट्यांवर बोट ठेवून विचारत नाहीत. ट्रॅक कुठलाही असो, मोनालीने ठरवलेल्या आकड्यांत पन्नास दिसला की ते आधी एक घर सरकवतात. तिन्ही पट्ट्या पन्नासावर असल्या तरच दंड लागतो, एक असली तर नाही, हे मोनालीने त्यांना दोनदा समजावलं. ते म्हणतात, "असू दे. भानगड नको." आयुष्यभर ज्या माणसाने बरोबर काट्याला हात लावला नाही, त्याला एका खेळाने भीती शिकवली. दर्पण मात्र अजून वडापाव खातच बटण दाबतो. त्याला काय शिकवलं नियमाने?

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी वर्गाचा मॉनिटर होईल, कुणी साहेब, कुणी असे खेळ बनवेल. तुमच्या हातात नियम येतील. एखादं मूल हात वर करत नाही, एखाद्याने जागचं काही हलवलेलं दिसत नाही, तर त्याने काही पाहिलंच नाही असं ठरवून मोकळे होऊ नका. पाहून, तपासून, विचार करून तसंच ठेवणं हेही काम आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून विचारा. दंडाआधी एकदा विचारा. त्याला एक वाक्य लागतं, आणि ते वाचायला दुकान बंद ठेवावं लागत नाही.

आज पुन्हा शुक्रवार आहे. मी सुरुवातीच्या रेघेवर उभी आहे, पंख एका घराने चुकलेला. मला पुसू नका, एवढंच मागून मी गप्प बसावं असं तुम्हाला वाटत असेल. मी बसणार नाही. मला माझा बरोबर आकडा परत हवा आहे.